सुतातले पाणी आणि चुंबकाचा काटा

सुताचा कोन, कापसाची गाठ, सरकीचे पोते, ग्रे कापडाचा तागा. आपले व्यापारी आणि कारागीर बांधव ज्या मालाची देवघेव करतात, तो जवळजवळ सगळाच सच्छिद्र आहे. त्याच्या अंगात डोळ्याला न दिसणाऱ्या पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत पाणी किंवा तेल दडून बसलेले असते. वजनकाटा माल आणि पाणी यांचे वजन एकत्रच दाखवतो आणि पैसे मात्र आपण सगळ्याचे सुताच्या भावाने मोजतो. पावसाळा सुरू झाला की गिरणी, दलाल, सायझिंगवाला आणि कारखानदार यांच्यात जी भांडणे लागतात, त्यांतली निम्मी या एकाच गोष्टीवरून असतात.

आधी हिशोब पाहू. सुती मालात व्यापारी रिवाजाने ८.५ टक्के पाणी मान्य आहे. याला रिगेन म्हणतात. पण हे ८.५ टक्के कोरड्या कापसावर धरायचे असतात, एकूण वजनावर नव्हे. म्हणजे १०० किलो हाडकोरड्या कापसाला ८.५ किलो पाणी, वजन १०८.५ किलो. हेच पाणी एकूण वजनावर काढले तर ७.८३ टक्के येते. एकजण पहिल्या हिशोबाने बोलतो, दुसरा दुसऱ्या हिशोबाने, आणि दोघेही टक्केच म्हणतात! आता १७० किलोची एक गाठ घ्या. ८.५ रिगेनने तिच्यात कोरडा कापूस सुमारे १५६.७ किलो. तीच गाठ एकूण वजनाच्या १२ टक्के ओली असली, तर कोरडा कापूस १४९.६ किलो. एका गाठीमागे सात किलो पाणी कापसाच्या भावाने विकत घेतले गेले. शंभर गाठींचा सौदा असेल तर बाकी हिशोब आपला आपण करावा. कापूस महामंडळाच्या खरेदीतही म्हणूनच ८ टक्के ओलावा हा पाया धरतात, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात आणि त्याहून ओला कापूस नाकारतात.

पॉलिएस्टरला हा रिगेन जेमतेम ०.४ टक्के, रेशमाला ११, व्हिस्कोजला १३. मिश्र सुतात मग कोणता हिशोब लावायचा, हे मिश्रणाचे प्रमाण पाहूनच ठरते. त्यातही गफलत करणारे कमी नाहीत.

आपल्या वाचकांना तो प्रसंग ठाऊक असेल, जो सहीह मुस्लिममध्ये आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीजवळ थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. वरून धान्य कोरडे, आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओले धान्य वर का ठेवले नाही की लोकांना दिसले असते, अशा अर्थाचे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, हे स्पष्ट केले. या प्रसंगात व्यापाराचे दोन धडे आहेत. इमानाचा धडा तर सर्वांना माहीत आहे. दुसरा तपासणीचा आहे: राशीचा वरचा थर पाहून निकाल देऊ नये, हात आत घालावा. प्रश्न एवढाच की सुताच्या तंतूच्या आत हात कसा घालायचा?

आजवर दोन मार्ग होते. एक भट्टीचा. नमुना तोलायचा, १०५ अंशांच्या आसपास तापवायचा, वजन घटायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलायचा. हा मार्ग भरवशाचा, पण त्यात तास जातात, नमुना पुन्हा तसा राहत नाही आणि पाण्याबरोबर उडून जाणारे दुसरे काही असले तर तेही पाण्यातच मोजले जाते. दुसरा मार्ग खिळ्यांच्या मीटरचा, जो दलालाच्या पिशवीत असतो. तो कोनात टोचला की विजेचा रोध पाहून आकडा सांगतो. पण सुतात क्षार असले, रंगाईचे मीठ नीट धुतले गेले नसले किंवा फक्त वरचा थर दमट असला, तर तोच मीटर वाटेल ते बोलतो. आम्ही एकाच कोनाला दोन मीटर लावून दोन वेगळे आकडे घेतलेले आहेत.

तिसरा मार्ग चुंबकाचा आहे आणि या लेखाचा विषय तोच.

एमआरआयचा धाकटा भाऊ

इस्पितळातला एमआरआय आता सर्वांना परिचित आहे. रुग्णाला मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात सरकवतात, ठकठक आवाज होतो आणि शरीराच्या आतले चित्र निघते. या चित्रांच्या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ज्या तत्त्वावर हे चालते ते जुने आहे. १९४५-४६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत दोन ठिकाणी ते जवळपास एकाच वेळी हाती लागले. हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांच्या गटाने मेणात आणि स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात ते दाखवले. १९५२ चे नोबेल या दोघांना मिळून देण्यात आले. तेव्हा या पद्धतीच्या नावात ‘न्यूक्लियर’ हा शब्द होता. इस्पितळवाल्यांनी रुग्ण घाबरू नयेत म्हणून तो पुढे गाळला. घाबरण्यासारखे त्यात काही नाहीच. येथे ‘न्यूक्लियर’ म्हणजे अणूचे केंद्र एवढेच, बॉम्ब नव्हे आणि क्ष-किरणही नव्हेत.

तत्त्व असे. पाण्यात आणि तेलात हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे अल्लाहने बनवलेले एक अतिसूक्ष्म लोहचुंबकच. त्याला मोठ्या चुंबकात ठेवले की ते भोवऱ्यासारखे डुलू लागते. डुलण्याचा वेग चुंबकाच्या जोरावर ठरतो: एक टेस्ला जोर असेल तर सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेरे. याच वेगाची रेडिओ लहर क्षणभर सोडली की सगळे भोवरे एका तालात येतात आणि स्वतःच एक क्षीण रेडिओ आवाज देतात. हा आवाज यंत्र ऐकते. सुरुवातीला आवाज किती मोठा आहे, यावरून हायड्रोजन किती, म्हणजे द्रव किती, ते कळते. हा झाला वजनाचा हिशोब, पण भट्टीशिवाय आणि मिनिटभरात.

खरी गंमत पुढे आहे. हा आवाज हळूहळू विझत जातो आणि तो किती वेळात विझतो, यावरून पाणी कोठे बसले आहे ते कळते. पेल्यातले मोकळे पाणी असेल तर विझायला दोन-तीन सेकंद लागतात. तेच पाणी बारीक छिद्रात असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात विझते. कारण छिद्राची भिंत. मोहल्ल्यातली पोरे पळताना पाहा. मैदानात पळणारे पोर क्वचितच भिंतीला धडकते. दोन हातांच्या बोळात पळणारे दर पावलाला धडकते आणि लवकर दमते. पाण्याचे कणही असेच सतत पळत असतात आणि भिंतीला लागले की त्यांचा ताल सुटतो. छिद्र जितके अरुंद, तितक्या धडका जास्त, तितका आवाज लवकर बंद. म्हणून विझण्याचा वेळ मोजला की छिद्राचे माप हाती येते, आणि तेही वस्तू न फोडता, न तापवता.

आणखी एक सोय. कापसाच्या घट्ट अंगातही हायड्रोजन आहेच, पण घन पदार्थाचा आवाज सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशोबात संपतो. यंत्राने क्षणभर थांबून ऐकले की सूत गप्प झालेले असते, फक्त पाणी आणि तेल बोलत असते.

या विद्येत हिंदुस्थानचाही वाटा आहे, हे आपल्या तरुणांना सांगायला हवे. एस. एस. धर्मट्टी हे स्टॅनफर्डला काम करत होते. १९५१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोलच्या हायड्रोजनचे तीन वेगवेगळे आवाज दाखवले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचे काम उभे केले. त्याच १९५१ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जी. सूर्यन यांनी नळीतून वाहणाऱ्या द्रवावर हा प्रयोग केला. वाहत्या द्रवाचा आवाज स्थिर द्रवापेक्षा वेगळा येतो, हे दाखवणारे ते जगातले पहिल्या काहींपैकी होते.

खडकातले तेल ओळखणारे

सच्छिद्र वस्तूवर ही विद्या सर्वात आधी पैसे लावून कोणी वापरली असेल तर ती तेल कंपन्यांनी. त्यांना दगडात पाणी किती, तेल किती आणि त्यातले बाहेर निघण्यासारखे किती, हेच पाहायचे असते. जमिनीखाली तेलाचे तळे नसते. वाळूच्या दगडाच्या छिद्रांत ते भरलेले असते, सुतात पाणी असते तसेच. १९५६ मध्ये ब्राउन आणि फॅट या दोघांनी वाळूवर एक सुंदर प्रयोग केला. काही वाळूच्या कणांना पाणी न धरणारा लेप दिला, काही तसेच ठेवले आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून वर पाणी घातले. जितके कण लेपाचे, तितका पाण्याचा आवाज उशिरा विझला. म्हणजे भिंतीला पाणी चिकटते की नाही, हेही चुंबकाला कळते.

रंगाईवाल्या बांधवांनी या प्रयोगाकडे नीट पाहावे. कच्च्या कापसावर निसर्गाने दिलेले मेण असते. स्कोअरिंग नीट झाले नाही तर ते राहते, पाणी आत शिरत नाही आणि रंग डागाडागाने बसतो. आपण थेंब टाकून, तो किती सेकंदात मुरतो ते पाहतो. थेंबाची परीक्षा वाईट नाही, पण ती वरच्या अंगाची आहे.

पुढे १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॅस्पर जॅक्सन यांनी उलटा विचार केला. दगड चुंबकात नेता येत नाही, तर चुंबकच विहिरीत सोडावा. त्या कल्पनेतून १९९० च्या दशकात तेलविहिरीत सोडायची चुंबकी यंत्रे बाजारात आली. आज त्या धंद्याचा एक ठोकताळा आहे. वाळूच्या दगडात ज्या द्रवाचा आवाज ३३ मिलिसेकंदांच्या आत विझतो तो छिद्रात अडकलेला, बाहेर न येणारा. त्याहून उशिरा विझतो तो वाहता, पंपाने निघणारा. चुनखडीच्या दगडाला हीच सीमा सुमारे ९२ मिलिसेकंद धरतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. करोडोंची विहीर चालवायची की सोडायची, याचा निर्णय एवढ्याशा वेळावर अवलंबून!

सरकी, सूत आणि कोन

आपल्या कामाची यंत्रे याहून लहान आहेत. टेबलावर मावतात, काचेच्या नळीत नमुना घालायचा आणि मिनिटभरात आकडा घ्यायचा. त्यांचा सर्वात पक्का वापर तेलबियांत आहे. बियांतले तेल आणि पाणी एकाच वेळी चुंबकाने मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांतही आली आहे. सुकलेल्या बीमधले पाणी घट्ट बांधलेले असते, त्याचा आवाज झटकन विझतो; तेल मोकळे, त्याचा आवाज टिकतो. यंत्र दोनदा ऐकते. पहिल्यांदा दोघांची बेरीज, थोड्या वेळाने फक्त तेल. वजाबाकी केली की पाणी मिळाले. बी फुटत नाही, जळत नाही, म्हणून बियाणे सुधारणारे तेच बी मोजून पुन्हा पेरतात. सरकीच्या व्यापारात आपले पुष्कळ लोक आहेत. सरकीचा भाव नुसत्या वजनाने ठरतो तेव्हा कमी तेलाचा आणि ओला माल चांगल्या मालाच्या भावात खपतो, आणि चांगला माल आणणाऱ्याचे नुकसान होते.

दुसरा पक्का वापर सिंथेटिक सुतात. पॉलिएस्टरच्या तंतूवर कारखान्यात तेलाचा अगदी पातळ हात दिलेला असतो, त्याला स्पिन फिनिश म्हणतात. कमी पडला तर सूत मागावर घासून तुटते, स्थिर वीज धरते. जास्त झाला तर चिकट होते. पूर्वी हे तेल रासायनिक द्रावकात उतरवून, द्रावक उडवून मोजत. कामगाराच्या फुफ्फुसाला ते बरे नसे. आता तंतू बनवणारे कितीतरी मोठे कारखाने हे काम चुंबकाने करतात.

आणि सुती सूत? येथे विषय जास्त रंजक आहे, कारण सुतात पाणी एकाच जागी नसते. धाग्यात तंतूंच्या मधल्या फटीत बसलेले पाणी, प्रत्येक तंतूच्या पोकळ नळीत बसलेले पाणी आणि तंतूच्या भिंतीत मुरलेले पाणी, या तिघांचे स्वभाव वेगळे. रंगवलेले कोन हायड्रोएक्स्ट्रॅक्टरमध्ये फिरवले की फटीतले बहुतेक पाणी उडून जाते. भिंतीत मुरलेले मात्र कितीही फिरवले तरी निघत नाही, त्याला उष्णताच लागते. चुंबकात हे पाणी वेगवेगळ्या वेळी विझते. कोळसा आणि वीज महाग झालेल्या या दिवसांत, मशीन किती मिनिटे फिरवायचे आणि ड्रायर किती वेळ चालवायचा, हे ज्याला आकड्याने कळेल तो वाचेल. अंदाजाने दहा मिनिटे जास्त सुकवणारा रोज पैसे जाळतो आणि सूतही कडक करून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एका गिरणीचा माल भर पावसात आला. बिलावरचे वजन आणि आमच्या काट्यावरचे वजन जुळले. तीन आठवड्यांनी त्याच पेट्या तोलल्या तर फरक पडला. गिरणीचे म्हणणे, माल तुमच्या गोदामात सुकला. आमचे म्हणणे, ओला आला म्हणूनच सुकला. दोघांजवळही आल्या दिवशीचा ओलाव्याचा आकडा नव्हता. शेवटी दलालाने मध्ये पडून अर्धे-अर्धे केले. आपल्या बाजारात न्याय बहुधा असाच अर्धा-अर्धा होतो.

अशा भांडणात चुंबकी यंत्राने काय साधले असते? पुष्कळ, पण सगळे नाही. गिरण्या कोनांना वाफ देऊन रिगेन भरून काढतात, यात गैर काही नाही. कोरडे सूत मागावर तुटते आणि सुताची ताकद ओलाव्याने वाढते, हे प्रत्येक कारखानदार जाणतो. काही जण मात्र वाफेऐवजी पाण्याचा फवारा मारून वजन भरतात. ताजा फवारा असेल तर पाणी फटीत असते, आवाज उशिरा विझतो आणि यंत्र ते लगेच दाखवते. पण पाच-सहा दिवस बंद पेटीत राहिले की ते पाणी तंतूच्या भिंतीत मुरते. कापूस फार तहानलेली वस्तू आहे. हवेतली दमटी शंभर टक्क्यांजवळ गेली तर तो आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी नुसत्या हवेतून ओढून घेतो. एकदा मुरल्यावर हे पाणी वाफेचे, फवाऱ्याचे की पावसाच्या हवेचे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. यंत्र पाण्याचा ठावठिकाणा सांगते, विकणाऱ्याची नियत सांगत नाही. यंत्र विकायला आलेला माणूस याहून जास्त सांगू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

इतरही अडचणी आहेत. नळीत काही ग्रॅमच नमुना मावतो. लोखंडी पट्ट्या बांधलेली गाठ चुंबकाजवळ नेताच येत नाही. जर्मनीतल्या आखन शहरात बर्नहार्ड ब्लूमिख यांच्या गटाने १९९० च्या दशकात हातात धरण्याजोगे एकतर्फी चुंबकी यंत्र बनवले. ते वस्तूवर नुसते टेकवायचे असते आणि जुन्या इमारतींच्या भिंतचित्रांतली ओल त्याने तपासली गेली आहे. पण तेही काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर आतपर्यंतच पाहते. गाठीच्या पोटातले त्याला दिसत नाही. जरीच्या सुतात धातू असल्यामुळे रेडिओ लहर नीट पोचत नाही. रंगात किंवा पाण्यात लोह-तांब्याचे अंश असतील तर आवाज उगाच लवकर विझतो आणि छिद्राचे माप चुकते. यंत्राला आधी भट्टीने मोजलेले नमुने दाखवून शिकवावे लागते, म्हणजे भट्टीची गरज संपत नाहीच. आणि किंमत चार-सहा लूम चालवणाऱ्या माणसाच्या आवाक्यातली नाही.

म्हणून आम्हाला वाटते की असे यंत्र एकट्याने घेण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. सायझिंगवाल्यांची संघटना, सूत व्यापाऱ्यांची संघटना किंवा एखादी सहकारी संस्था यांनी मिळून तपासणीची खोली उभारली, सुरुवातीला फक्त भट्टी आणि चांगला तराजू ठेवला, तरी अर्धी भांडणे मिटतील. चुंबकाचा विचार त्यानंतर. मुंबईत माटुंग्याला कापसाची सरकारी प्रयोगशाळा १९२४ पासून आहे, घाटकोपरला वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था आहे. त्यांच्याशी बोलून कोणती तपासणी कोठे होते, याची माहिती संघटनेने आणून ठेवावी. आपली शिकलेली मुले विज्ञानाची पदवी घेऊन नोकरीसाठी फिरत असतात, त्यांच्यापैकी एक-दोघांना हे काम शिकवता येईल.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोपर्यंत सौदाचिठ्ठीवर एक ओळ जरूर लिहून घ्यावी: ‘वजन ८.५ टक्के रिगेनने धरले जाईल.’ ‘ओलावा’ असा मोघम शब्द लिहू नये. माल उतरला त्याच तासाला दोन्ही पक्षांसमोर नमुना काढावा. कोनाच्या वरचे थर उलगडून आतल्या भागातून काढावा, तोही निदान पाच पेट्यांतून. लगेच हवाबंद झाकणाच्या बरणीत भरून, बरणीसकट तोलून, तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून चालत नाही, तिच्या तोंडातून दोन दिवसांत ओल निघून जाते. एक बरणी तपासणीला पाठवावी, दुसरी सील करून दलालाकडे ठेवावी.